शेंगदाण्यांनी प्रश्न मोजणाऱ्या बाई

बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या आमच्या ऑफिसच्या वॉचमनला स्टुलावर बसवून त्याच्याकडून एक कागद मोठ्याने वाचून घेत होत्या. तो अडखळला की त्या हातातल्या स्टीलच्या डबीतून एक शेंगदाणा काढून टेबलावर ठेवत. वॉचमन घामाघूम झाला होता. टेबलावर शेंगदाण्यांची चांगली रांग लागली होती.

"थांबा," बाई त्याला म्हणाल्या. "उत्तर सांगू नका. मला तुमची परीक्षा घ्यायची नाही, या कागदाची घ्यायचीय. आणि हा कागद नापास झालाय."

मग त्यांनी रांगेतले दाणे एकेक करून खाल्ले, वॉचमनला चहा सांगितला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "तू ती स्टॅटिस्टिक्सवाली का गं?"

मी ती स्टॅटिस्टिक्सवाली. एम.एस्सी. झाल्यावर लागलेली ही माझी पहिली नोकरी. ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका जुन्या इमारतीत आमचं छोटंसं ऑफिस होतं. कंपन्या, हॉस्पिटलं, पतपेढ्या यांना नोकरभरतीसाठी लेखी परीक्षा घ्यायची असली की आम्ही त्यांना प्रश्नपत्रिका काढून द्यायचो. एक प्रश्न, खाली चार पर्याय, योग्य त्याला टिक करा. एखादा प्रश्न किती उमेदवारांना येतो, कुणाला येत नाही, हे तपासायचं काम माझं. आणि प्रश्न वाचायला किती जड आहे हे तपासायचं काम बाईंचं.

बाई कल्याणच्या एका शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्या होत्या. राहायला डोंबिवली पूर्वेला. कडक इस्त्रीची सुती साडी, त्याखाली मुलाचे जुने स्पोर्ट्स शूज, खांद्याला शबनम आणि शबनममध्ये ती दाण्यांची डबी. ऑफिसात त्यांना कुणीही नावाने हाक मारत नसे. मालकसुद्धा त्यांना बाईच म्हणत आणि त्या आत आल्या की हातातला मोबाइल खाली ठेवत.

प्रश्नाचं जडपण मोजायची इंग्रजीत सूत्रं आहेत. वाक्यात शब्द किती, शब्द किती लांब, असं मोजून आकडा निघतो. मी मोठ्या उत्साहाने त्याच धर्तीवर मराठीसाठी एक प्रोग्रॅम लिहिला. अक्षरं मोजली, जोडाक्षरं मोजली, वाक्यांची लांबी मोजली. बाईंनी कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढली आणि शब्द सांगायला सुरुवात केली.

"'पावसाळ्यातल्यासारखं' घाल."

प्रोग्रॅमने तो शब्द अत्यंत अवघड ठरवला.

"आता 'ऋण' घाल."

ऋण अत्यंत सोपा निघाला. बाई खुदकन हसल्या. "अगं, पावसाळ्यातल्यासारखं हे माझी कामवालीसुद्धा दिवसातून चारदा म्हणते. ऋण म्हणजे काय ते मात्र कर्ज काढलेल्या माणसालाही ठाऊक नसतं. मोजतो चांगलं गं हा. वाचता येत नाही त्याला."

त्या दिवसापासून माझ्या प्रोग्रॅमचं नाव मोजणीदार पडलं. "तुझा मोजणीदार काय म्हणतो?" असं त्या प्रत्येक पेपरच्या वेळी विचारत, तो म्हणेल ते शांतपणे ऐकत आणि मग डबी घेऊन खाली उतरत. रस्त्यावर जो भेटेल त्याच्याकडून प्रश्न वाचून घेत. डोळे वाक्याच्या सुरुवातीला परत गेले, एक दाणा. मधेच श्वास घ्यावा लागला, एक दाणा. शब्द तोडून वाचला, एक दाणा. हळूहळू ऑफिसात सगळेच त्या भाषेत बोलायला लागले. "हा प्रश्न किती दाण्यांचा?" असं मालक ग्राहकासमोर विचारत आणि ग्राहक बुचकळ्यात पडे.

एकदा मी त्यांच्याबरोबर डोंबिवली स्टेशनहून रिक्षाने जात होते. फडके रोडच्या तोंडाशी आम्ही अडकलो. बाईंनी लगेच पुढे वाकून रिक्षावाल्याच्या हातात प्रश्न दिला. तो बिचारा वाचायला लागला: "खाली नमूद केलेल्या पर्यायांपैकी कोणता पर्याय उपरोक्त परिस्थितीच्या अनुषंगाने अयोग्य ठरणार नाही..." तेवढ्यात पुढची गाडी हलली. मागून हॉर्न वाजायला लागले. बाई म्हणाल्या, "वाजू दे. वाक्य पूर्ण करा."

रिक्षावाल्याने कागद परत दिला. "बाई, हा प्रश्न आहे की कोर्टाचं समन्स?"

"ऐकलंस?" बाई मला म्हणाल्या. "अयोग्य ठरणार नाही! माणसाला सरळ योग्य म्हणायला काय जातं?"

पर्यायांबद्दलही त्यांची ठाम मतं होती. 'वरीलपैकी सर्व' याला त्या आळशी पर्याय म्हणत. चार पर्यायांत एकच लांबलचक असला की तेच उत्तर असणार, हे त्या प्रश्न न वाचता ओळखत. "लिहिणाऱ्याला भीती वाटते गं, की उत्तर चुकीचं ठरेल. म्हणून तो त्याला अटी जोडत बसतो. खोट्या पर्यायांची कोण एवढी काळजी घेतो?" पण त्यांचं मुख्य म्हणणं एकच होतं आणि ते त्या नव्या माणसाला पहिल्याच भेटीत ऐकवत: "प्रश्न हवा तेवढा अवघड असू दे. वाक्य अवघड नको. फिटर घ्यायचाय ना? मग फिटिंग विचारा."

हे वेड घरीही होतं. त्यांच्या सोसायटीत एकदा नोटीस लागली: सर्व सभासदांना याद्वारे सूचित करण्यात येते की, टाकीच्या स्वच्छतेच्या कामास्तव उद्या सकाळच्या सत्रात पाणीपुरवठा खंडित राहण्याची शक्यता नाकारता येत नाही. सगळ्यांनी जाता-येता ती पाहिली आणि कुणीच पाणी भरलं नाही. दुसऱ्या दिवशी सोसायटीभर बोंबाबोंब झाली. पुढच्या वेळी नोटीस लागली तशी बाईंनी तिच्या खाली आपला कागद चिकटवला: उद्या सकाळी पाणी नाही. आज भरून ठेवा.

सेक्रेटरी चिडून वर आले. "अहो बाई, नोटिशीला काही वजन हवं की नको?"

"वजन बादलीला असू दे," बाई म्हणाल्या.

अशा या बाईंची एक गंमत मात्र मला सुरुवातीपासून खटकायची. वाक्यं सुटसुटीत करायच्या, पण शब्द शाळेतले ठेवायच्या. इंग्रजी शब्द दिसला की त्यांची पेन्सिल आपोआप चालायची. टेबल त्यांनी मान्य केलं होतं, "कारण त्याने मराठीत जन्म काढलाय." स्टेशनही चालायचं. बाकीच्यांना प्रवेश नव्हता. मी काही बोलले की त्या म्हणत, "तीस वर्षं मुलांना मराठी शिकवलं मी. आता म्हातारपणी पेपरात इंग्रजी लिहू होय?"

एके वर्षी कल्याणच्या एका खाजगी हॉस्पिटलचं काम आलं. तिथे मावश्या आणि वॉर्डबॉय बरीच वर्षं कंत्राटावर होते. त्यातल्या काहींना कायम करायचं होतं आणि त्यासाठी लेखी परीक्षा होती. पेपर हॉस्पिटलने कुठूनतरी आधीच तयार करून आणला होता. आम्ही तो तपासून द्यायचा, एवढंच काम.

बाईंनी तो वाचला, डबी उघडली आणि परत बंद केली. "एवढे दाणे डोंबिवलीत मिळायचे नाहीत," म्हणाल्या.

मग त्यांनी एक दिवस त्या हॉस्पिटलात काढला. मीही गेले होते. मावश्यांना दिवसभरात काय काय वाचावं लागतं ते त्या बघत फिरल्या. खाटेवरचे नंबर, बाटल्यांवरची लेबलं, 'उपाशी ठेवणे' अशी पाटी, कचऱ्याच्या रंगीत पिशव्यांवरचा मजकूर. "कामावर जेवढं वाचावं लागतं, तेवढंच परीक्षेत वाचायला लावायचं," त्यांनी मला समजावलं. "त्याहून जास्त लावलंत तर ती वाचनाची परीक्षा. मावशीची नाही."

आम्हाला वॉर्ड दाखवायला सुनंदामावशींना बरोबर दिलं होतं. विठ्ठलवाडीला राहणाऱ्या, सातवीपर्यंत शिकलेल्या, पंचेचाळिशीच्या बाई. चालायच्या भरभर, बोलायच्या त्याहून भरभर. बाईंनी त्यांना जुन्या पेपरातला पहिला प्रश्न दाखवला. त्यांनी तो ओठ हलवत वाचला. 'जैववैद्यकीय कचऱ्याच्या विलगीकरणासंदर्भात' इथे त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "बाई, मी नको असेन तर तसं तोंडावर सांगा ना. एवढं फिरून कशाला सांगायचं?"

बाई तडक मॅनेजरच्या केबिनमध्ये गेल्या. मॅनेजर तरुण होता, सभ्य होता आणि प्रामाणिकही. त्याने सरळ सांगितलं, "मॅडम, जागा कमी आहेत. पेपर सोपा केला तर सगळे पास होतील. मग मी कुणाला नाही म्हणू?"

"म्हणा की. ज्याला काम येत नाही त्याला म्हणा. वाक्यात अडकून पडला म्हणून नका म्हणू."

"पण शेवटी दोन्हीकडे तीच माणसं गळणार ना?"

"तेच तर बघूया," बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे बोट केलं. "ही बघेल."

ठरलं असं: खऱ्या परीक्षेआधी एक सराव परीक्षा घ्यायची. चिठ्ठ्या टाकून निम्म्या लोकांना जुना पेपर, निम्म्यांना बाईंनी लिहिलेला नवा. प्रश्न तेच, वाक्यं वेगळी. बाई आठवडाभर त्या पेपरला बसल्या. वॉचमन, रिक्षावाले, भाजीवाल्या, सगळ्यांकडून वाचून घेतला. कुणी अडखळलं नाही. दाण्यांची डबी भरलेलीच राहिली. एवढ्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

सराव परीक्षा झाली. निकालाचा तक्ता मी तयार केला तेव्हा ऑफिसात बाई माझ्या खुर्चीमागे उभ्या होत्या. बहुतेक सगळ्या प्रश्नांत नव्या पेपरवाल्यांचा निकाल चांगला होता. म्हणजे माणसं तशीच, काम तेवढंच येणारी, फक्त वाक्य कळल्यावर उत्तर बरोबर येत होतं. काही प्रश्नांत दोन्ही गट सारखेच चुकले होते. ते खरोखरच कुणाला येत नव्हते. बाई मागून "वा, वा" करत होत्या.

मग मला एक प्रश्न दिसला आणि मी माउस हलवायची थांबले.

"काय झालं गं?"

"बाई, हा एक उलटा गेलाय. जुन्या पेपरात जास्त जणांना आला. तुमच्यात फारच थोड्यांना."

"मोजणीदार चुकला असेल."

"यात मोजणीदार नाहीच बाई. ही नुसती बरोबर उत्तरं आहेत."

त्यांनी चष्मा वर करून वाचलं. प्रश्न असा होता: 'जमिनीवर रक्त सांडले आहे. पुसण्याआधी काय कराल?' योग्य पर्याय: 'हातमोजे घालीन.' जुन्या पेपरात तिथे 'ग्लोव्हज परिधान करणे' होतं.

"यापेक्षा सोपं मराठी असतं का?" बाई म्हणाल्या. "हातमोजे! पहिलीतलं पोर वाचेल. यावर एक दाणा पडला नव्हता गं." त्यांचा आवाज खाली गेला होता. ऑफिसात सगळे आपापल्या कॉम्प्युटरमध्ये बघायला लागले. बाईंनी शबनम उचलली. "चल. कल्याणला जाऊ."

सुनंदामावशींनी नवाच पेपर सोडवला होता आणि तो प्रश्न चुकवला होता. त्या आम्हाला वॉर्डच्या बाहेर पॅसेजमध्ये भेटल्या. बाईंनी त्यांच्यापुढे प्रश्न धरला. मावशींनी घडाघडा वाचला, कुठेही न थांबता.

"आता सांगा, हातमोजे का नाही निवडलंत?" बाई म्हणाल्या. माझ्यासमोर त्यांनी एखाद्या वाचणाऱ्याला उत्तराबद्दल पहिल्यांदाच काही विचारलं असेल.

मावशींनी त्यांच्याकडे चमत्कारिक नजरेने पाहिलं. "अहो बाई, हातमोजे लोकरीचे असतात. नाहीतर माझा भाऊ बाइकवर घालतो ते. ते घालून रक्त पुसलं तर सगळं आत नाही का मुरणार? उलट इन्फेक्शन व्हायचं!"

"मग घालायचं काय?"

"ग्लोव्हज!"

मला वाटलं, आता शाळेतल्या बाई जाग्या होणार. पण त्या हसायलाच लागल्या. आधी नुसते खांदे हलले, मग भिंतीला हात टेकवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. आतून सिस्टर आली आणि म्हणाली, "आजी, पेशंट झोपलेत." बाईंनी पदर तोंडावर धरला आणि पदराआडून हसत राहिल्या. सुनंदामावशींना काहीच कळेना, पण त्याही हसायला लागल्या.

खाली येऊन हॉस्पिटलच्या बाकावर बसल्यावर बाई म्हणाल्या, "मी त्यांना उत्तर सांगू देत नव्हते ना! म्हणून मला कळलंच नाही. लोक घडाघड वाचत होते आणि काय वाचतायत ते मी कधी विचारलंच नाही." मग पेन्सिल काढून त्यांनी स्वतःच्या हाताने हातमोजे खोडलं आणि वर ग्लोव्हज लिहिलं. "दोन जोडाक्षरं आहेत गं मेल्यात. पण या वॉर्डात त्यानेही जन्म काढलाय."

त्यानंतर त्यांनी पूर्ण पेपर पुन्हा मावश्यांबरोबर बसून वाचला आणि प्रत्येक प्रश्नानंतर विचारलं, "काय कळलं ते तुमच्या शब्दांत सांगा." पाच-सहा शब्द आणखी बदलले. सरावाचा तक्ता बघून मॅनेजरने तो पेपर घेतला.

खरी परीक्षा झाली. आणि सुनंदामावशी नापास झाल्या.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्या ठाण्याला आमच्या ऑफिसात आल्या. ड्युटीच्या साडीतच होत्या, डोळे सुजलेले. बाईंनी त्यांना बसायला सांगितलं. त्या बसल्या नाहीत.

"बाई, मला वाटलेलं तुम्ही आमच्या बाजूच्या."

मावशींची उत्तरं बाईंनी माझ्याकडून मागून घेतली होती. "मला एक सांगा. प्रश्न कळले होते?"

"सगळे कळलेले. म्हणून तर वाटलेलं होईन पास."

"रक्ताने भिजलेला कापूस कुठल्या पिशवीत टाकला तुम्ही?"

"लाल. रक्त लाल, म्हणून लाल."

"पिवळ्यात टाकायचा असतो, सुनंदा."

बाईंचा आवाज मऊ होता, पण त्या मागे हटल्या नाहीत. "कागदाने तुम्हाला पाडलं असतं तर मी त्या मॅनेजरशी भांडले असते. पण कागद नीट होता. ती कापसाची पिशवी पुढे कुणीतरी उघड्या हाताने उचलतं. तो माणूसही कुणाच्या तरी बाजूचा असेलच ना?"

मावशी निघून गेल्या. बाईंनी सांगितलेला चहा तसाच राहिला. त्या दिवशी बाईंनी एकही पेपर तपासला नाही. संध्याकाळी माझ्यासोबत जिना उतरताना एवढंच म्हणाल्या, "नापास करणं एवढं कधी जड गेलं नव्हतं गं. शाळेत तर किती पोरांना केलंय."

पण स्वस्थ बसल्या असत्या तर त्या बाई कसल्या? दुसऱ्याच दिवशी माझा तक्ता घेऊन त्या मॅनेजरसमोर जाऊन बसल्या. पिशव्यांचा प्रश्न एकट्या सुनंदामावशींचा नव्हता. पास झालेल्यांतही कितीतरी जणांनी तो चुकवला होता. "एवढी वर्षं तुमचे लोक चुकीच्या पिशवीत कापूस टाकतायत," बाई म्हणाल्या. "जुन्या पेपरात हे तुम्हाला कधीच दिसलं नसतं. तिथे सगळेच सगळं चुकत होते. आता दिसलंय, तर शिकवा. आणि शिकवलंत तर पुन्हा परीक्षा घ्या."

मॅनेजरने तक्ता पुढे ओढून पुन्हा वाचला. मला वाटतं, पेपरात माणसं गाळण्यापलीकडे काही असतं हे त्याला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं असावं. त्याने सिस्टरांना सांगून वर्ग सुरू केले. महिन्याभराने उरलेल्या जागांसाठी फेरपरीक्षा झाली. सुनंदामावशी पास झाल्या, कायम झाल्या. आमच्याकडे पेढे वगैरे काही आले नाहीत. बाईंनी विचारलंही नाही. निकालाच्या यादीतलं नाव मात्र माझ्या खांद्यावरून दोनदा वाचलं.

यानंतर वर्षभराने बाईंनी नोकरी सोडली. मुलाला वाटत होतं, आता घरी बसावं. मी त्यांच्या घराजवळच राहत असल्यामुळे रविवारी अधूनमधून जायचे. अशाच एका रविवारी आम्ही पोहे खात होतो आणि बेल वाजली. दारात सुनंदामावशी, ऑफिसातून पत्ता घेऊन आलेल्या. बगलेत पांढऱ्या कार्डशीटची गुंडाळी.

"रागावलेले मी तुमच्यावर," त्या चपला काढता काढता म्हणाल्या. "म्हणून आले नाही इतके दिवस."

"रागावणारच," बाई म्हणाल्या. "पोहे घे."

मावशींनी पोहे घेतले नाहीत, आधी गुंडाळी उलगडली. ऑपरेशनच्या आधी पेशंटच्या पोटात काही जाऊ द्यायचं नसतं. पण नातेवाईक ऐकत नाहीत, लपून पाणी पाजतात. जुनी पाटी कुणी वाचतच नव्हतं. म्हणून सिस्टरने मावशींना सांगितलं होतं, तूच लिही काहीतरी. त्यांनी निळ्या स्केचपेनने मोठ्या अक्षरांत लिहून आणलं होतं:

पेशंटचं ऑपरेशन आहे. पानी देऊ नका. तहान लागली तर आम्हाला हाक मारा.

बाईंनी ते मांडीवर घेतलं. एकदा वाचलं. मग मोठ्याने वाचलं. शेवटचं वाक्य त्यांनी पुन्हा एकदा वाचलं आणि त्या हाताने टीपॉयवर पेन्सिल चाचपायला लागल्या.

मावशींचा चेहरा पडला. "काय चुकलं का, बाई?"

"एक अक्षर चुकलंय," बाई म्हणाल्या. "वाक्य एकही नाही."

"मग लावू ना वॉर्डात?"

"लाव की. पण आधी इकडे ये, बस, आणि पाण्यातला ण नीट काढ."